भुताचा आवाज

सिनेमातले आम्हाला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दिवसभर पाचवी ते आठवीची पोरे, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा, रात्री स्वयंपाकघर. वर्षाकाठी दोन-तीन सिनेमे पाहिले तरी खूप झाले. पण गेल्या दीड वर्षात आमच्या घरात भुताखेतांचे आणि राक्षसांचे इतके सिनेमे पाहिले गेले की त्यावर चार शब्द बोलायला आता हरकत नसावी.

याची सुरुवात झाली ती धाकट्यामुळे. तो सहावीत. एकाएकी रात्री बाथरूमला एकटा जायला तयार होईना. आधी आम्हाला वाटले, शाळेत कोणी दम दिला असेल. मग एका रात्री चादरीखालून उजेड दिसला. कानात इअरफोन, हातात थोरलीचा मोबाईल, आणि पडद्यावर केस मोकळे सोडलेली एक बाई भिंतीवर सरपटत चाललेली. आम्हाला पाहून पोरगा असा किंचाळला की सासूबाई तसबीह हातात घेऊन धावत आल्या.

घरात मोबाईलबंदीचा ठराव मांडला गेला. हे म्हणाले, "उद्यापासून मोबाईल कपाटात." आम्ही वीस वर्षे पोरे हाकतो आहोत. जे घरात बंद होते ते शेजारच्या गच्चीवर चालू होते, हे आम्हाला पक्के ठाऊक. आणि बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात एवढे तरी शिकलो होतो की एकट्याने गिळलेली भीती पचत नाही. म्हणून बंदीऐवजी नियम ठरला. शनिवारी इशाच्या नमाजनंतर, बाहेरच्या खोलीत, दिवा चालू ठेवून, सगळ्यांनी मिळून बघायचे. लहानांना चालणारा सिनेमा असला तरच. आणि संपल्यावर त्यावर बोलल्याशिवाय झोपायचे नाही.

काही बहिणी म्हणतील, बाई, मुलांना दीनच्या गोष्टी सांगायच्या सोडून भुतांचे सिनेमे कसले दाखवता? बरोबर आहे. न पाहिले तर उत्तमच. पण पोरांनी ते पाहिलेलेच आहेत. प्रश्न एवढाच उरतो की ते चादरीखाली बघणार की आपल्या शेजारी बसून.

पहिला मान 'स्त्री'ला मिळाला. २०१८चा सिनेमा. मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावात रात्री फिरणारी एक बाई पुरुषांना उचलून नेते आणि मागे त्यांचे कपडे तेवढे राहतात. म्हणून घराघराच्या भिंतीवर 'उद्या ये' असे लिहून ठेवतात. ती येते, वाचते आणि खरोखरच परत जाते. आम्ही हसून हसून बेजार झालो. आमच्या आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलेले वाचून त्याप्रमाणे वागणारे एवढे गुणी लेकरू एकही नाही. त्या सिनेमात पुरुषांना सूचना असतात की रात्री एकटे बाहेर पडू नका, कोणी हाक मारली तर मागे वळू नका. थोरली नववीत आहे. ती पटकन म्हणाली, "अम्मी, हे तर आम्हाला रोजच सांगतात." एवढे एक वाक्य तिला सुचले यातच आमचे नेटचे पैसे वसूल झाले.

२०२४च्या ऑगस्टमध्ये आलेला 'स्त्री २' धाकट्याला जास्त आवडला, कारण त्यात मुंडके नसलेला सरकटा आहे. तो मुंडके फेकून मारतो आणि गावातल्या नव्या विचारांच्या पोरींना पळवून नेतो. आम्हाला पहिला भाग सरस वाटला. दुसऱ्यात गोंगाट फार. पण एक गोष्ट चांगली आहे. ज्या बाईला गाव भीत होते तिच्याकडेच गाव पुढे संरक्षण मागते. तिला आधी कोणी इज्जत दिली नव्हती, हे एकदा कळले की तिची भीती कमी होते.

मग 'मुंज्या'. हाही २०२४चाच, आणि आपल्या मातीतला. कोकणातले गाव, पुण्यातला भित्रा मुलगा, आणि मुंज झाल्यावर अकाली मेलेल्या पोराचे झाडावर राहणारे भूत. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. भूत उतरवणाऱ्या माणसाचे नाव तर एल्विस करीम प्रभाकर. तिन्ही धर्मांची सोय एकाच माणसात. सासूबाई म्हणाल्या, "हे बरं केलं. भूत कुठल्या का जातीचं असेना, एकाच फीमध्ये काम."

या सिनेमाने आम्हाला आमचे लहानपण आठवले. मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळ होता. त्यावर मुंजा राहतो, हे आम्हा मुसलमान पोरांनाही तितकेच पक्के ठाऊक होते. सकाळी अरबी शिकायला जाताना त्या पिंपळाखालून आम्ही आयतल कुर्सी पुटपुटत पळायचो. उलट मशिदीमागच्या चिंचेवर जिन्नात असतात म्हणून गल्लीतली हिंदू पोरे तिकडे चेंडू गेला की आणायला जात नसत. आम्हाला पुढे करत. म्हणत, "तुमचेच आहेत ना, तुम्हाला काही करणार नाहीत." पिंपळाखाली चेंडू गेला की आम्ही त्यांना तेच म्हणायचो. भीतीची अशी देवाणघेवाण आता होत नाही, याचे कधीकधी वाईटही वाटते.

'तुंबाड' हा प्रौढांसाठीचा, म्हणून तो मुले झोपल्यावर आम्ही दोघांनीच पाहिला. तोही २०१८चा. तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही आणि २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तेव्हा लोकांनी गर्दी केली. राही अनिल बर्वे यांचा. सतत पाऊस, पडका वाडा, आणि सोने बाळगणारा हस्तर. कणकेची बाहुली टाकून त्याचे लक्ष वेधायचे आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातली नाणी ओरबाडून वर यायचे. आमच्या मते अलीकडच्या सगळ्या भयपटांत हा सर्वांत खरा, कारण त्यात भुतापेक्षा माणूस जास्त भयंकर आहे. बाप आपल्या कोवळ्या पोराला हात धरून हाव शिकवतो, ते दृश्य पाहताना यांनी दोनदा मान फिरवली. शेवटी पोरगा बापाच्या हातातले सोने नाकारतो. आपल्या शिकवणीतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे मुलेच ठरवतात, हे शिक्षकाला कोणी सांगायला नको.

धाकट्याला मात्र मोठमोठे राक्षस हवे असतात. 'गॉडझिला एक्स काँग' त्याने तीनदा पाहिला. आम्हाला त्यात इमारती पडण्यापलीकडे काही दिसले नाही. पण त्याच्याच हट्टामुळे एक जपानी सिनेमा पाहिला, 'गॉडझिला मायनस वन'. २०२३चा, आणि याच्या दृश्य परिणामांना ऑस्कर मिळाले आहे. गॉडझिला मुळात १९५४चा. हिरोशिमा-नागासाकीला नऊ वर्षे झालेली, त्यात पॅसिफिक समुद्रात अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या चालू. त्या वर्षी एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती. त्या भीतीतून हा समुद्रातला राक्षस जन्मला. नव्या सिनेमात एक वैमानिक आहे. त्याला आपले विमान शत्रूवर आदळून मरायला पाठवलेले असते. तो इंजिन बिघडल्याचे खोटे सांगून एका बेटावर उतरतो. रात्री राक्षस येतो. विमानाची तोफ चालवायची असते, पण याचे हातपाय गारठतात आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसे मरतात. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे या माणसाच्या छातीवरचे ओझे आहे. धाकटा राक्षसाची वाट पाहत होता. आम्ही त्या माणसाकडे पाहत होतो. का, ते पुढे येईलच.

आता सासूबाईंबद्दल. त्या सिनेमा बघत नाहीत. तसबीह फिरवत दिवाणावर बसलेल्या असतात आणि सिनेमाकडे त्यांचे अजिबात लक्ष नसते. फक्त कोणी कोणाला मारले, हे त्यांना आमच्याआधी कळलेले असते. एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तुमची ही भुतं काही खरी नाहीत. आमच्या वेळी भूत शेवटी माणूसच निघायचं."

आम्ही आठवून पाहिले तर म्हातारीचे म्हणणे सोळा आणे खरे. 'महल' १९४९चा. त्यात आत्मा म्हणून फिरणारी पोरगी शेवटी माळ्याची मुलगी निघते. 'बीस साल बाद' १९६२चा. तिथेही सगळ्या प्रकारामागे जिवंत माणूसच. 'वो कौन थी' १९६४चा. त्यात सगळा खेळ इस्टेटीसाठी. मग रामसे बंधू आले आणि 'पुराना मंदिर'सारख्या सिनेमांतून खरेखुरे सैतान कबरींतून उठू लागले. २००७च्या 'भूलभुलैया'ने गाडी पुन्हा रुळावर आणली. १९९३च्या मल्याळम सिनेमावरून घेतलेली ती गोष्ट. घरातली सून रात्री नाचते, दुसऱ्याच भाषेत बोलते, सगळे म्हणतात मंजुलिकाचे भूत, आणि अक्षयकुमारचा डॉक्टर म्हणतो, हा मनाचा आजार आहे. विक्रम गोखल्यांनी केलेले आचार्य त्या डॉक्टरला मदत करतात. मंत्र जाणणारा माणूस आणि डॉक्टर एकाच पेशंटसाठी एकत्र उभे राहतात, हे आम्हाला फार आवडले होते. पण २०२२च्या 'भूलभुलैया २' मध्ये मंजुलिका खरेच भूत निघाली. तब्बूने काम सुंदर केले, पण पंधरा वर्षांत आपण डॉक्टरकडून भुताकडे परत गेलो, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

आणि मग 'शैतान'चा शनिवार आला. २०२४च्या मार्चमधला, गुजराती 'वश'वरून केलेला. एक परका माणूस वाटेत भेटतो, मुलीला काही खायला देतो, आणि त्यानंतर ती मुलगी तो सांगेल तसे वागू लागते. आईबापांवर हात उचलते, नको ते करते. माधवनने काम असे केले आहे की त्याचे हसू बघवत नाही. अर्ध्यावर आम्ही सिनेमा थांबवला. थोरलीने आमचा हात धरला होता. तिने विचारले, "अम्मी, असं खरंच होतं का? कोणी तरी आत शिरतं आणि आपण आपले राहत नाही?"

आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "होतं की. तुझ्या मिरजेच्या खालाला नव्हतं का झालं? तिच्या तोंडून तर पुरुषाचा आवाज यायचा म्हणे."

आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो आणि विनाकारण चहा टाकला.

तो 'म्हणे' तीस वर्षे जुना आहे. तो कुठून निघाला, हे फक्त आम्हाला ठाऊक होते. आज लिहून टाकतो.

आमच्या चाचांची मोठी मुलगी आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला आपा म्हणायचो. बारावीला होती. हुशार, सायन्सला. १९९४ची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला होता. गल्लीत केबल एकाच घरी. आम्ही सगळी पोरे तिथे दाटीवाटीने बसायचो. त्या मालिकेत कोणाच्या अंगात आले की तोंड वाकडे, डोळे पांढरे, आणि आवाज घोगरा पुरुषी. एका दुपारी घरात आम्ही आणि आपा दोघीच होतो. ती धुणे वाळत घालताना एकदम पडली. हातपाय आखडले, डोळे वर गेले, तोंडातून फेस आला, घशातून घरघर निघाली. दोन-तीन मिनिटांत सगळे थांबले. आम्ही ओरडत बाहेर पळालो. बायका जमल्या. कोणी कांदा फोडून हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली. एकीने आम्हाला जवळ घेऊन विचारले, "काय झालं? काही बोलली का ती?"

आमच्या घरात लहानपणापासून 'मैं' म्हणायची रीत नाही, 'हम' म्हणतात. तीच सवय मराठीत 'आम्ही' होऊन उतरते. पण पुढच्या वाक्यातल्या 'आम्ही'मध्ये दुसरे कोणीही नाही. आम्ही म्हणालो, "हो. माणसाच्या आवाजात बोलली."

ती बोलली नव्हती. घरघर होती फक्त. पण टीव्हीवर तसे असायचे, आणि चौदा वर्षांच्या पोरीभोवती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या बायका कान देऊन उभ्या होत्या. "काय म्हणाली?" असे विचारल्यावर तेही आम्ही रचून सांगितले. "मी हिला सोडणार नाही," असे म्हणाली म्हणून. झीवर दर आठवड्याला कोणी ना कोणी तेच म्हणायचे.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले. मशिदीच्या चिंचेखालून केस मोकळे सोडून गेली होती, कोणी म्हणाले. पुढच्या जुमेरातीला तिला बाहेरगावच्या एका बाबाकडे नेले. मग दुसऱ्याकडे. दोन वर्षे हेच चालले. मिरचीची धुरी दिली. छडीने मारले. शेवटी एकाने जिन्न हातातून बाहेर काढतो म्हणून तिच्या डाव्या मनगटावर तापलेली सळी टेकवली. त्या दिवशी आम्ही खिडकीत उभे होतो. ती ओरडली तेव्हा बाबा म्हणाला, "ऐका, हा तिचा आवाज नाही." तो तिचाच आवाज होता. ते सांगायला खिडकीतून एक शब्द आमच्या तोंडून फुटला नाही.

तिची बारावी राहिली. पुढे तिच्याच कॉलेजच्या एका सरांनी चाचांच्या मागे लागून तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोक्याचा आलेख काढला आणि अपस्मार आहे म्हणून सांगितले. आपल्याकडे आकडी किंवा मिरगी म्हणतात तेच. मेंदूतल्या विजेच्या लहरींत मध्येच बिघाड होतो, त्याने फिट येते. गोळी चालू झाली. तीन महिन्यांत फिट थांबली. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांनीच गोळी हळूहळू बंद केली. लग्न उशिरा झाले. आज ती शिवणकाम करते, दोन पोरी शिकवते. मनगटावरचा डाग घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकते.

त्या शनिवारी चहा उतू गेला. आम्ही गॅस बंद करून बाहेर आलो आणि मुलांसमोर, यांच्यासमोर, सासूबाईंसमोर हे सगळे सांगितले. सासूबाईंची तसबीह थांबली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटा म्हणाला, "म्हणजे भुताचा आवाज तू काढलास?" शिक्षकाच्या घरात असा प्रश्न विचारणारे मूल असावे, ही आमचीच इच्छा होती.

थोरली म्हणाली, "खालाला सांगितलंस?"

सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर फोन केला. आपाने शांतपणे ऐकून घेतले. आम्हाला वाटले होते ती रागावेल, नाहीतर हसून सोडून देईल. ती म्हणाली, "फिट आली की मला काहीच आठवायचं नाही. तू सांगितलंस म्हणून मला वाटायचं, खरंच माझ्यातून कोणी तरी बोलतं. गोळ्यांनी बरी झाले तरी ते मनातून गेलं नव्हतं. पोरी झाल्या तेव्हा भीती वाटायची की रात्री आपण त्यांना काही करू." मग थोडे थांबून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. तीस वर्षं मी माझ्याच आवाजाला घाबरत होते." आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, ईदला येशील तेव्हा बोलू.

आपण मुसलमान जिन्नांचे अस्तित्व मानतो. कुरआनात त्यांच्या नावाची एक सूरहच आहे. पण जिन्न आहेत हे मानणे वेगळे, आणि समोर तडफडणाऱ्या पोरीच्या अंगात तेच शिरलेत, असा निवाडा करणे वेगळे. तो निवाडा करायचा इल्म आपल्यापैकी कितीजणांकडे आहे? नबी-ए-करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी तर प्रत्येक आजाराचा इलाज आहे, अशी शिकवण दिली. दुआ घरात बसूनही करता येते. दवा मात्र दवाखान्यातच मिळते.

हे फक्त आमच्या गल्लीत झाले असते तर आम्ही लिहिलेही नसते. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आधाराने मनोरुग्णांना ठेवून घेणारी घरे होती. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तिथल्या एका घराला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. आज मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, मिरचीची धुरी देणे, तापलेल्या वस्तूने चटके देणे, हे गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. आम्ही ते वाचले तेव्हा वाटले, कायदा करणाऱ्यांनी आपाच्या खिडकीतूनच पाहिले असावे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी सातवीतली एक मुलगी अशीच पडली. मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "हिला 'शैतान' लागला." आम्ही पोरांना लांब केले. तिला कुशीवर वळवले, ओढणी गळ्याभोवतीची सैल केली, डोक्याखाली दप्तर ठेवले, घड्याळ पाहिले. तोंडात चमचा घातला नाही, हातपाय दाबून धरले नाहीत, कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेले असते तर थेट दवाखान्यात न्यावे लागले असते. दीड मिनिटात थांबले. तिच्या अम्मीला बोलावून डॉक्टरकडे पाठवले. मग वर्गात गेलो आणि विचारले, "कोणी काय ऐकले? जे ऐकले तेवढेच सांगा." चाळीस पोरांपैकी कोणीही काही ऐकलेले नव्हते. ती मुलगी गोळी घेऊन रोज शाळेत येते आणि कवायतीत सगळ्यात पुढे असते.

कोणाच्या घरी मन बिघडल्यासारखे वाटणारे माणूस असेल, झोप नाही, एकट्याशी बोलणे, विनाकारण भीती, तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे. मराठीतही बोलता येते. बाबाच्या गावाला जायच्या गाडीभाड्यापेक्षा स्वस्त.

तर सिनेमांविषयी आमचे मत एवढेच. सरकटा, मुंज्या, हस्तर, गॉडझिला, सगळे बघावेत. त्यांना घाबरावे, हसावे. ती भुते पडद्यावर राहतात, टीव्ही बंद केला की जातात. जपून पाहावे ते ज्यात आजारी पोरीच्या अंगातून दुसरेच कोणी बोलते. ते भूत पडद्यातून उतरून गल्लीत येते, कारण त्याला तिथे आवाज देणारे कोणी ना कोणी भेटते. आम्ही भेटलो होतो.

'शैतान' आम्ही पुढच्या शनिवारी पुरा पाहिला. थोरलीनेच लावायला सांगितले. संपल्यावर ती म्हणाली की मधला भाग चांगला आहे, शेवट लांबवला आहे. आमचेही तेच मत पडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. झोपायला जाताना मात्र दारात थांबून म्हणाल्या, "ईदला मिरजेला जाल तेव्हा मीही येते. त्या पोरीसाठी तोड्यांच्या जोडीतला एक तोडा ठेवलाय कपाटात. घड्याळाऐवजी घालेल."

धाकटा आता बाथरूमला एकटा जातो. जाताना दिवा लावतो, एवढेच.